अमावास्येचा डोस आणि रघूचे चणे

संपादकांनी मला दोन अटी घातल्या. पहिली, नोकरीला कधी लागलो आणि कधी निवृत्त झालो हे लिहायचं नाही, ते कुणी वाचत नाही. दुसरी, दिवाळी अंक लोक फराळ करता करता चाळतात, तेव्हा विषय जरा जपून. पहिली अट मी आनंदाने पाळतो. दुसरी पाळली तर लेख इथेच संपतो, कारण माझा सगळा जन्म घोड्यांच्या पोटातले जंत पाडण्यात गेला. वाचकांना एवढीच विनंती, की चकली, करंजी, लाडू खुशाल खा. शेव तेवढी हा लेख होईपर्यंत बाजूला ठेवा.

परळला घोड्यांचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे मी कंपाउंडर. राहायला काळाचौकीला. चाळीत मला जंतवाला परब म्हणायचे, कारण आमच्याच मजल्यावर दुसरा एक परब होता, तो विम्याचा. आमच्या दोघांत लोक त्याला जास्त टाळायचे.

मुंबईत घोडे कुठले, असं हल्ली लोक विचारतात. अहो, व्हिक्टोरिया बग्ग्यांचे होते, चौपाटीवर पोरांना फिरवणारे होते, लग्नाच्या घोड्या होत्या, मिरवणुकीत शिवाजी महाराज बसतात ते होते. गिरगावपासून माटुंग्यापर्यंत माझ्या हाताखालून इतके घोडे गेले, की एखाद्या राजाने मनावर घेतलं असतं तर त्या बळावर दिल्ली घेतली असती. आणि पोट साफ असलेलं सैन्य, हे विसरू नका. असं सैन्य इतिहासात फार थोड्यांकडे होतं.

आता धंदा समजावून सांगतो. घोडा चरतो. गवताच्या पात्यावर जंताची पिल्लं बसलेली असतात, डोळ्याला न दिसणारी. ती गवताबरोबर पोटात जातात, तिथे मोठी होतात, संसार करतात, अंडी घालतात. अंडी लिदीबरोबर बाहेर पडतात, ओलाव्यात फुटतात, आणि नवी पिल्लं दवाच्या थेंबातून पोहत परत पात्यावर चढून बसतात. मग तोच घोडा किंवा शेजारचा घोडा येऊन ते पातं खातो. चाळीतल्या खोलीसारखंच आहे. एक बिऱ्हाड निघालं की दुसरं दारात ट्रंक घेऊन उभं.

जंत पुष्कळ जातींचे. एक पांढरा, गोल, पेन्सिलीएवढा जाड. त्याला बघून मालक घाबरतो आणि डॉक्टरला मान देतो, म्हणून तो आमचा आवडता. फणसवाडीच्या एका व्हिक्टोरियाच्या घोड्याला पडलेला असा जंत मी काठीवर गुंडाळायला घेतला तेव्हा समोरच्या खानावळीत पहिली पंगत बसत होती, आणि संपवला तेव्हा तिसरी उठत होती. लोक म्हणतात परब वाढवून सांगतो. उलट वाचकांचा विचार करून मी त्यातली एक पंगत कमी केली आहे.

पण खरा चोर तो नव्हे. खरा चोर बारीक, लालसर, दोऱ्यासारखा. हजारांनी असतो. त्याची पिल्लं आतड्याच्या भिंतीत शिरून झोपतात आणि सोयीने उठतात. घोडा खात राहतो आणि वाळत राहतो. पुढे जे घडलं ते या बारक्याने घडवलं. त्याने आणि मी.

माझी कीर्ती दोन गोष्टींवर उभी होती. एक, अमावास्या. आपल्याकडे समज आहे की अमावास्येला जंत उठतात. जंताला पंचांग कळतं की नाही ते मला ठाऊक नाही, पण मालकाला कळतं. ‘दर महिन्याला औषध द्या’ म्हटलं तर कुणी लक्षात ठेवत नसे. ‘दर अमावास्येला’ म्हटलं की माणूस तबेल्याच्या दारात माझी वाट बघत उभा. म्हणून मी अमावास्येचा डोस सुरू केला. औषधाची पूड गूळ आणि कणकेच्या गोळ्यात कालवायची, गोळा तळहातावर धरायचा, घोड्याने तो लाडवासारखा खायचा. बारा वर्षं, एक अमावास्या चुकली नाही. माझ्या स्वतःच्या साखरपुड्यालाही मी उशिरा पोचलो, कारण त्या दिवशी अमावास्या होती. बायको म्हणते अमावास्येला साखरपुडा कोण ठेवतो. ती म्हणते त्यात तथ्य आहे, पण मुद्दा माझ्या निष्ठेचा आहे.

दुसरी गोष्ट, माझा डोळा. औषध वजनावर द्यायचं असतं. घोड्याला वजनकाट्यावर कोण चढवणार? मी दोन पावलं मागे जायचो, एक डोळा मिटायचो आणि आकडा सांगायचो. एकदा दादरला वरातीत घोडीच्या चालीवरून मी पाठीवरच्या नवरदेवाचं वजन सांगितलं होतं. नवरीच्या बापाने नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, की स्वभावाचं काही कळतं का.

आता हसनचाचा. मूळचा खेडकडचा कोकणी मुसलमान, आमच्यापेक्षा शुद्ध मराठीत शिव्या देणारा. काळाचौकीत एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून त्याचा तबेला. व्हिक्टोरिया बंद झाल्यावर त्याने गाड्या काढून टाकल्या आणि पाच घोडे लग्नासाठी ठेवले. त्या पाचांत चंद्रा ही पांढरी घोडी म्हणजे घराचा खांब. बाकीचे चार शोभेला. लालबागपासून दादरपर्यंत लोकांना चंद्राच हवी असायची, कारण ती ढोलताशांत बुजत नसे. नवरदेव बुजत, ती नाही.

तिला सांभाळायला रघुनाथ, आमचा रघू, कुडाळकडचा मोतद्दार. मोतद्दार म्हणजे घोड्याचा सगळा व्यवहार बघणारा माणूस. खरारा, खाणं, पाणी, लगाम. वीस वर्षं तो तिथेच राहिला, चंद्रा आल्यापासून तिच्या खणाशेजारी खाट टाकून. चंद्रा त्याच्याशिवाय कुणालाही तोंडाला हात लावू देत नसे. माझा गोळा खायची, पण तो गूळ होता म्हणून. त्यात माझं कर्तृत्व नव्हतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गिरणीच्या आवारात यंत्रं नव्हती, कामगार नव्हते, होतं ते कमरेएवढं गवत. पहारेकरी भला माणूस. पावसाळाभर हसनचाचाचे घोडे आत चरायला सोडायचा. बदल्यात त्याने चंद्रावर बसून एक फोटो काढून गावी पाठवला होता. गावात त्याच्याबद्दल समजूत अशी पसरली, की मुंबईत त्याची स्वतःची घोडी आणि पाठीमागे स्वतःची गिरणी आहे. पाच घोडे चरायचे, तिथेच लीद टाकायचे, परत तिथेच चरायचे. मी दर अमावास्येला यायचो, गोळा द्यायचो, आणि ते हिरवंगार गवत बघून म्हणायचो, नशीबवान घोडे.

त्या वर्षी गणपतीनंतर चंद्रा उतरायला लागली. आधी पुठ्ठे बसले, मग बरगड्या दिसल्या. लीद पातळ. खाणं चालू, अंगाला काही लागत नाही. हसनचाचाने चणे बदलून बघितले, भुसा बदलून बघितला, शेवटी संशयाने रघूकडे बघितलं. वीस वर्षांचा माणूस, पण घराचा खांब वाळायला लागला की माणूस पहिल्यांदा घरातल्यांकडेच बघतो. चण्यांच्या पिंपाला कुलूप लागलं.

सर्वपित्री अमावास्येला मी गोळे घेऊन गेलो तेव्हा हसनचाचा पिंपावरच बसला होता. रघू घोडीच्या पायाशी उभा. हसनचाचाने मला विचारलं, परब, जंत तर नसतील? इथे मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण त्यावरच सगळं उभं आहे.

मी म्हणालो, “चाचा, माझ्या बारा वर्षांत एक अमावास्या चुकलेली नाही. या तबेल्यात जंत शोधायला गेलात तर दुर्बीण घेऊन आकाशात शोधावे लागतील. बाकी काय कारण आहे ते घरातच बघा.”

मी फक्त माझी कॉलर ताठ केली. ती रघूच्या गळ्यात फास होऊन बसली, हे मला बोलताना कळलं नाही. कळलं असतं तरी तेव्हा मी वाक्य अर्धं सोडलं असतं असं वाटत नाही. इतकं छान जमलं होतं ते.

रघू माझ्यामागे रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, “परबा, मी चणे खाऊक नाय. तू गाववालो. तू सांग ह्येंका.” मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणालो, बघू. ‘बघू’ हा शब्द ज्याने शोधला तो माणूस नक्की सरकारी नोकर असणार.

आमच्या दवाखान्यात त्याच सुमारास मोठ्या डॉक्टरांच्या जागी केतकी डॉक्टर आल्या होत्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्याच सर्वपित्रीच्या सकाळी, तबेल्यात जायच्या आधी मी गोळे वळत असताना त्यांनी विचारलं, परबकाका, लीद तपासून देता ना औषध? मी म्हणालो, मॅडम, ज्याला शत्रू दिसतो त्याला दुर्बीण लागत नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग आज गोळा द्यायच्या आधी प्रत्येकाची मूठभर लीद घेऊन या, वेगवेगळ्या पिशवीत, नावं घालून.

मी आणली. अपमान गिळून आणली. बसमध्ये पिशव्या मांडीवर ठेवून बसलो तर शेजारच्या बाईंनी विचारलं, आज भाजी कुठे स्वस्त मिळाली.

लीद तपासायची रीत सोपी आहे. थोडी लीद मिठाच्या दाट पाण्यात ढवळायची, गाळायची. घाण खाली बसते, जंतांची अंडी हलकी म्हणून वर तरंगतात. त्यातला थेंब चौकटी आखलेल्या काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली अंडी मोजायची. केतकी डॉक्टरांनी मला बघायला लावलं. बाकीच्या चौघांच्या काचेवर तुरळक. चंद्राच्या काचेवर, काय सांगू, गणपतीच्या शेवटच्या दिवशीची चौपाटी.

मी म्हणालो, बरोबर आहे, आज डोसाचा दिवस, उद्या एकही राहणार नाही. त्या म्हणाल्या, बघू. त्यांचा ‘बघू’ वेगळा होता. त्यांनी तारीख टाकली, चौदा दिवसांनंतरची. ती नेमकी कोजागिरीच्या सकाळी येत होती.

मधे दसरा आला. दसऱ्याला घोड्यांना हार घालतात, कुंकू लावतात. हसनचाचाचा तबेलाही त्याला अपवाद नव्हता, सगळी गल्ली ताट घेऊन यायची. त्या गर्दीत दादरच्या एक बाई आल्या. मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला, चंद्रा महिनाभर आधीच ठरवलेली. त्यांनी हार घातला. हार बरगड्यांवरून घसरून खाली आला. बाई हसनचाचाला शांतपणे म्हणाल्या, “अहो, ही माझ्या मुलाला मंडपापर्यंत नेणार, की माझ्या मुलाने हिला न्यायचं?” आणि म्हणाल्या, तुळशीच्या लग्नापर्यंत बघते, नाहीतर मोटार.

हसनचाचा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रघूला सांगितलं, गावी जा. भांडण नाही, आवाज नाही. रघूने ट्रंक भरली, चंद्राच्या खणात जाऊन पाच मिनिटं उभा राहिला आणि गेला. मला हे चाळीत नळावर कळलं. मी मनात म्हणालो, म्हणजे खातच असेल. आपलं नाव सुरक्षित असलं की दुसऱ्याबद्दल न्याय करणं किती सोपं जातं बघा.

कोजागिरीच्या सकाळी परत लीद नेली. केतकी डॉक्टर बराच वेळ मोजत होत्या. मी मिठाचं पाणी ढवळत उभा. मग त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, तुम्हीच मोजा. मी मोजलं. चौपाटीवरची गर्दी तेवढीच. चार माणसं वाढलीच असतील, घटली नव्हती.

“परबकाका,” त्या म्हणाल्या, “तुमच्या जंतांना तुमचं औषध मानवलंय.”

त्यांनी सांगितलं ते असं. एकच औषध बारा वर्षं दर महिन्याला दिलं. प्रत्येक डोसाला जे दुबळे जंत होते ते मेले, जे तगडे होते ते वाचले. वाचलेल्यांचीच अंडी गवतात गेली, त्यातून तगडीच पिल्लं निघाली. ती परत घोड्यांनी खाल्ली; बाकीच्यांच्या अंगाने ती रोखली, चंद्राच्या अंगाने नाही. म्हणजे गिरणीच्या आवारात मी बारा वर्षं तालीम चालवली होती आणि दर अमावास्येला खुराक नेऊन देत होतो. लालबाग-परळात एवढे मल्ल दुसऱ्या कुठल्या उस्तादाने घडवले नसतील. मी हे सगळं उभ्याने ऐकलं, कारण बसायला सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, चंद्राचं वजन किती धरता? मी म्हणालो, तीनशे किलो. माझा डोळा आहे. त्या म्हणाल्या, नवं औषध जोरकस आहे, अंदाजावर देणार नाही. घोडी काट्यावर चढवा.

रे रोडला एका भंगारवाल्याकडे ट्रक तोलायचा काटा होता, जमिनीला सपाट. आम्ही चंद्राला चालवत नेली. हसनचाचा लगाम धरून, मी मागून. हसनचाचाला मी एवढंच सांगितलं होतं, की डॉक्टरांना वजन हवंय. चंद्रा काट्यावर उभी राहिली, जशी मांडवात उभी राहते तशी. भंगारवाल्याने पावती फाडली. गाडी नंबरच्या जागी त्याने ‘चंद्रा’ लिहिलं होतं, आणि मालाच्या जागी मशीनमधून आपोआप छापून आलं होतं, ‘भंगार’. हसनचाचाने पावती दोनदा वाचली. त्या माणसाकडे असं बघितलं की त्याने स्वतःच्या हाताने ते खोडून ‘घोडी’ लिहिलं आणि खाली सही केली.

वजन होतं तीनशे पंच्याऐंशी. वाळलेली, बरगड्या निघालेली घोडी, आणि तीनशे पंच्याऐंशी. भरलेली असताना किती असेल? आणि मी बारा वर्षं तिला तीनशेचा गोळा देत आलो होतो. औषध तर तेच ते, आणि तेही अपुरं. मल्लांना मारायचं नाही, नुसतं गुदगुल्या करून जागं ठेवायचं.

पावती हसनचाचाच्या हातात होती. त्याला त्यातून काही कळलेलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर नवं औषध लागू पडलं असतं, घोडी सुधारली असती, मी नवा डोस शोधणारा ठरलो असतो, आणि रघू कुडाळात चणेचोर म्हणून बसला असता. हिशेब सगळा माझ्या बाजूने होता. पण भंगारवाल्याने ते ‘भंगार’ खोडून खाली सही केली होती ना, ते मला लागलं. त्याची तर मशीनची चूक होती.

मी म्हणालो, “चाचा, चणे रघूने नाय खाल्ले. घोडीच्या पोटात जंत आहेत. माझ्या औषधाने मरत नाहीत असे. ते मीच तयार केलेत.”

हसनचाचा चंद्राच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मला वाटलं आता तो खेडची सगळी शब्दसंपत्ती काढणार. त्याने एवढंच विचारलं, “सर्वपित्रीला तुला ठाऊक होतं?”

“नव्हतं.”

“मग बोललास कशाला?”

मी चंद्राचा लगाम धरायला हात पुढे केला, त्याने दिला नाही. तो म्हणाला, रघूला फोन तू करायचा.

आणि करावाच लागणार होता, कारण नवं औषध गुळाच्या गोळ्यात जात नव्हतं. ते पिचकारीत भरलेलं, कडू, जिभेच्या मुळाशी सोडायचं. चंद्राच्या तोंडाला हात लावायला आधी हसनचाचा गेला, तर तिने मान वर केली. मग मी गेलो. तिने माझा शर्ट खांद्यापासून कोपरापर्यंत उघडला. शिंप्याने असा सरळ फाडला नसता.

रघूने फोन उचलला. मी सगळं सांगितलं; अमावास्या, तगडे जंत, काटा. रघू म्हणाला, “ह्यां माका कित्याक सांगतंस? मी चणे खाऊक नाय ह्यां माका ठावक आसा.”

मी म्हणालो, घोडी तोंडाला हात लावू देत नाही.

“तां पण माका ठावक आसा.” मग त्याने अट घातली. पिंपावर बसून तू जे बोललास ते जेवढ्या लोकांच्या कानावर गेलं, तेवढ्यांसमोर उलटं बोलायचं. मी म्हणालो, पिंपावर चाचा बसला होता, मी उभा होतो. तो म्हणाला, आता तू बस.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. ट्रंक खाली ठेवायच्या आधी चंद्राच्या खणात गेला. तिने त्याच्या डोक्यावर नाक घासलं आणि टोपी पाडली. मी चण्यांच्या पिंपावर बसलो. हसनचाचा, पहारेकरी, गल्लीतली पाचसहा माणसं, आणि केतकी डॉक्टर समोर. मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट होती तेवढीच सांगितली, एक पंगतही वाढवली नाही. कुणाला विशेष रस वाटला नाही. पहारेकऱ्याने मधेच विचारलं, झालं का.

मग रघूने चंद्राच्या जबड्याच्या फटीत बोट घातलं, जीभ बाजूला धरली, आणि डॉक्टरांनी पिचकारी रिकामी केली. तीनशे पंच्याऐंशीच्या खुणेपर्यंत.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की आतड्याच्या भिंतीत झोपलेले एकदम मरायला लागले तर आतडं सुजतं, पोट दुखतं, घोडी हातची जाऊ शकते. वाट बघायची. पहिला दिवस ती ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोटाकडे मान वळवून बघायला लागली, पुढच्या पायाने जमीन खरडायला लागली, मग आडवी झाली. डॉक्टरांनी सुई दिली, नाकातून नळी घालून पोटात तेल आणि पाणी सोडलं. रघू तिला उठवून चालवत राहिला, तबेल्याच्या दारापासून गिरणीच्या फाटकापर्यंत आणि परत. थांबली की तिच्या कानात मालवणीत काहीतरी बोलायचा. काय बोलत होता ते मी ऐकायला गेलो. तो तिला माझ्याबद्दल सांगत होता.

मी त्या दिवशी दवाखान्यात गेलो नाही. तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि मला ओळखणारे सांगतील की असं माझ्या बाबतीत घडत नाही. हसनचाचाच्या घरून जेवण आलं तेव्हा माझंही ताट आलं. कुणी मला बस म्हणालं नाही, पण ताट होतं.

उन्हं कलताना चंद्राने लीद टाकली. मी पुढे होऊन बघितली, सवयीने. बारीक, लाल, दोऱ्यासारखे, मेलेले, किती ते विचारू नका. इथे मी कितीही आकडा सांगितला असता तरी तो कमी पडला असता, आणि नेमक्या त्याच वेळी मला आकडा सांगावासा वाटला नाही. घोडीने पाण्याच्या बादलीत तोंड घातलं. रघू तिच्या पायाशी खाली बसला.

तुळशीचं लग्न होईपर्यंत ती पूर्वीसारखी भरली नाही, पण हार बरगड्यांवरून घसरत नव्हता. दादरच्या बाई परत आल्या, चंद्राभोवती एक फेरी मारली, जणू तीच सून. म्हणाल्या, मोटार नको.

अमावास्येचा डोस बंद झाला. केतकी डॉक्टरांनी नियम घातला: आधी लीद तपासायची, अंडी फार असली तरच त्या घोड्याला औषध, तेही काट्यावर चढवून. बाकीच्यांना काही नाही. आणि गिरणीच्या आवारातली लीद रोज उचलायची, पिल्लं पात्यावर चढायच्या आत. मला वाटलं, चला, सुटलो. पुढच्या अमावास्येला सकाळी हसनचाचाचा फोन. म्हणाला, आज अमावास्या आहे, ये. मी म्हणालो, चाचा, औषध नाही द्यायचं. तो म्हणाला, औषध कुणाला हवंय? फावडं इथे आहे. त्यानंतर दर अमावास्येला मी आवारातली लीद उचलली, पाटी डोक्यावर घेऊन, परळच्या दवाखान्याचा सीनियर कंपाउंडर. पहारेकऱ्याने माझाही एक फोटो काढला. तो त्याने गावी पाठवला का, हे मी विचारलेलं नाही.

आता त्या आवारात टॉवर आहे. गवत आहे, पण ते चरायचं नाही, बघायचं आहे. हसनचाचा गेला. त्याच्या मुलांनी घोडे काढले तेव्हा चंद्रा म्हातारी झाली होती, तिला कोण घेणार? रघूने घेतली. टेम्पोत घालून कुडाळला नेली. तिथे ती त्याच्या आंब्याखाली उभी असते, काही करत नाही, आणि गावातली पोरं तिला बघायला येतात.

दर तीन महिन्यांनी रघू एसटीच्या ड्रायव्हरकडे माझ्या नावाने दोन डबे देतो. दोन्ही पेढ्यांचे, सारखेच. पहिल्या वेळी बायकोने उघडला तो नेमका चुकीचा. तेव्हापासून ती माझ्या नावाचं काहीच उघडत नाही. एका डब्यात चंद्राची लीद असते. मी एक जुना मायक्रोस्कोप घेऊन ठेवलाय, मीठ घरचंच. मोजतो. अंडी थोडी असतात, चालण्यासारखी. रघूला फोन करून सांगतो, औषध नको. तो म्हणतो, बरां.

दुसऱ्या डब्यात चणे असतात, भाजलेले. बायको म्हणते, मलाही द्या की थोडे. मी देत नाही. ते सगळे मी एकट्यानेच खायचे आहेत.